मनुके

शनिवारी सकाळी मनुके भिजत घालते.
इतवारीतल्या बोहऱ्याकडचे, काळे, बियांसकट,
अर्धा किलो. बावीस वर्षं.
मंद आचेवर ठेवायचे, बोटानं दाबून बघायचे,
मग मलमलच्या फडक्यातून गाळायचे.
साखर नाही. काही बायका रंग टाकतात,
मी टाकत नाही.

गड्डीगोदामच्या आमच्या मंडळीत
प्रभुभोजनाचा रस माझ्या हातचा.
कमिटी घरी आली त्या संध्याकाळीही
गॅसवर तोच होता.

सात माणसं. कूलर घुरघुरत होता.
कोणीतरी म्हणालं, बंद करा, ऐकू येत नाही.
मग सगळं फार नीट ऐकू आलं.

पाळकसाहेबांनी लेवीय उघडलं.
साहेब वाईट माणूस नाही.
आमचे हे गेले त्या रात्री
पहाटे चारपर्यंत खाटेशी बसून होते, चप्पल न घालता.
वाचताना चष्मा घसरत होता त्यांचा.
दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगाला लावू नये
हेही तिथंच आहे, पान उलटलं की.
साहेबांचा शर्ट टेरीकॉटचा.
मी बोलले नाही. चहा ठेवला.

ठराव लहानसा: एलिशानं मेजाजवळ येऊ नये.
पेटी वाजवू नये हे त्यातच आलं.
निशिकांतचं नाव कागदावर नाही,
'सदर व्यक्ती' असं आहे.
(राहतो तो सदरलाच, पण ते त्या अर्थानं नव्हे.)
सदर व्यक्ती आठ वर्षं माझ्या बीपीच्या गोळ्या आणते.
सदर व्यक्तीनंच या कूलरला
नवी वाळ्याची ताटी बसवली, एप्रिलात,
ज्या गारव्यात ही सात माणसं बसली होती.

एलिशा एवढंच म्हणाला,
पेटीची तिसरी काळी पट्टी चिकटते,
जो वाजवेल त्याला सांगा.

माझा आजा काटोलकडचा.
गावच्या विहिरीवर त्याची सावली चालत नसे.
एका गोऱ्या पाद्र्यानं त्याला आपल्या पेल्यातलं पाणी दिलं,
आधी स्वतः पिऊन, मग तोच पेला.
धर्म वगैरे पुष्कळ नंतर.
त्या एका घोटावर
चार पिढ्यांची नावं बदलली आमची.
हे कमिटीला ठाऊक आहे.
त्यांचेही आजे तसलेच कुठले कुठले.

रविवारी चौऱ्याऐंशी पेल्या भरल्या.
हिशेबानं त्र्याऐंशी हव्या होत्या.
हाताला ठराव कळला नव्हता.

पेटीवर नवा पोरगा. तिसरी काळी चिकटली,
गाणं तिथं अडखळलं,
आणि सगळ्यांनी खाली पुस्तकात पाहिलं.

ट्रे फिरून आला. एक पेली भरलेली.
नळाखाली बाकीच्या विसळल्या,
ती पालथी घालणं काही जमेना.
बशी झाकली आणि निघाले.

बाहेर पंचेचाळीस डिग्री.
फाटकापलीकडे कडुनिंबाखाली
स्कूटर लावून दोघे, नेहमीसारखे, मला न्यायला.
निशिकांतनं रुमाल भिजवून डोक्याला बांधलेला,
एलिशाचा चेहरा तापून लाल.

आई, हे काहून आणलं, म्हणाला.
म्हटलं, मला आशीर्वाद द्यायचा अधिकार नाही,
हे ते नव्हे.
ऊन आहे. ओठ ओले कर.

घोटभर तर असतं.
त्यानं अर्धा घेतला,
उरलेली पेली शेजारी दिली.

साहेब दारात उभे होते,
लोकांना सलाम करत.
त्यांनी पाहिलं की नाही
मी विचारलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही.

पेली पदरात गुंडाळली, मागे बसले.
मनुके संपलेत.
शुक्रवारच्या आत इतवारीत जायला हवं.